कॉलेज शेवटी ठरवू नका

आधी देश ठरवा. मग तिथे पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, कसा मिळतो ते बघा. त्या नियमांत बसेल असा कोर्स शोधा, आणि त्या कोर्ससाठी जे कॉलेज ऑफर लेटर देईल ते घ्या. पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही शहरात परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीत जा, सल्ल्याचा क्रम बहुधा हाच असतो. हल्ली आईवडीलही याच क्रमाने बोलतात. मी अभियांत्रिकी शिकवतो. शिफारसपत्र मागायला आलेल्या मुलाला कुठे अर्ज करतोयस असं विचारलं, की उत्तरात देशाचं नाव येतं. विद्यापीठ कोणतं, असं पुन्हा विचारलं तर म्हणतो, "ते अजून ठरायचंय सर, पीआरच्या दृष्टीने सगळी सारखीच."

ती सारखी नाहीत. पीआरच्या दृष्टीने तर अजिबात नाहीत.

या सल्ल्यामागचा युक्तिवाद कच्चा नाही, म्हणून तो आधी पुरता मांडतो. परदेशातल्या दोन वर्षांना तीस-चाळीस लाख लागतात. एवढे पैसे इथल्या पगारातून फिटत नाहीत, म्हणजे तिथे राहणं भागच आहे. राहणं भाग असेल तर राहू देणारा देश हाच पहिला निकष. शिवाय गुणांच्या पद्धतीत पदवीचे गुण मिळतात, ती पदवी नामांकित विद्यापीठाची आहे की आडगावच्या कॉलेजची, याने गुण बदलत नाहीत. मग महागडं, प्रवेशाला अवघड विद्यापीठ हवं कशाला? स्वस्तातलं, लवकर प्रवेश देणारं कॉलेज घ्या, काम करा, पीआर मिळवा, पुढचं पुढे. ज्यांनी असं केलं ते आज कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये घर घेऊन बसले आहेत, मेलबर्नमध्ये स्थिरावले आहेत. पुरावा डोळ्यांसमोर आहे.

उत्तर देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. देश सोडून कायमचं जाणं ही गद्दारी आहे, करदात्यांच्या पैशांवर शिकून पळून जाणं आहे, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी बोलत नाही. माणसाने जिथे नीट जगता येईल तिथे जावं. रत्नागिरीतून मुंबईला गेलेल्यांना आपण नावं ठेवत नाही, तर पुण्यातून टोरोंटोला जाणाऱ्यांना ठेवायचं कारण नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्याला खरोखर कायमचं जायचं आहे त्याच्यासाठीच हा क्रम सगळ्यात घातक आहे. फक्त शिकून परत येणाऱ्याचं कॉलेज चुकलं तर त्याची दोन वर्षं आणि पैसे जातात. स्थायिक व्हायला निघालेल्याने पुढचं सगळं आयुष्य त्या कॉलेजवर बेतलेलं असतं.

पहिला दाखला ऑस्ट्रेलियाचा देतो. तो जुना आहे आणि पूर्ण घडून गेलेला आहे, त्यामुळे त्याचा शेवट काय झाला ते आपल्याला माहीत आहे.

२००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियाने तिथे शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहूनच पीआरचा अर्ज करण्याची वाट मोकळी केली. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांची एक यादी होती, आणि यादीतल्या व्यवसायाला जादा गुण होते. त्या यादीत स्वयंपाकी होते, केशकर्तनकार होते. मग मेलबर्न आणि सिडनीत कुकरी आणि हेअरड्रेसिंग शिकवणारी खासगी कॉलेजं भराभर निघाली. तिथे शिकणाऱ्या बहुतेकांना स्वयंपाकी व्हायचं नव्हतं. वाणिज्य पदवीधर, विज्ञान पदवीधर, शिक्षक, शेतकऱ्यांची मुलं दिवसा भाज्या चिरायचं प्रशिक्षण घेत होती, रात्री टॅक्सी चालवत होती, कारण यादीत तसं लिहिलं होतं. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि हे सगळं जगासमोर आलं. त्यातली काही कॉलेजं बंद पडली, विद्यार्थी अर्ध्या कोर्सवर रस्त्यावर आले. ८ फेब्रुवारी २०१० रोजी इमिग्रेशन मंत्री ख्रिस इव्हान्स यांनी ती यादीच रद्द केली. १ जुलैपासून आलेल्या नव्या यादीत स्वयंपाकी नव्हते, केशकर्तनकारही नव्हते. सप्टेंबर २००७ पूर्वी देशाबाहेरून केलेले सुमारे वीस हजार अर्ज न तपासता निकाली काढायचं आणि फी परत करायची असंही त्याच वेळी ठरलं.

आधीपासून शिकत असलेल्यांना काही सवलती आणि मुदती मिळाल्या, हे खरं. पण ज्याने कर्ज काढून, मनाविरुद्ध, केवळ यादीत आहे म्हणून केस कापायचं शिक्षण घेतलं, त्याच्या हातात शेवटी काय राहिलं? यादी गेली आणि केशकर्तनाचा डिप्लोमा तेवढा राहिला. तो घेऊन लुधियानाला किंवा लातूरला परत जाणं म्हणजे काय, याची कल्पना करायला फार लांब जावं लागत नाही. यादीतला दुसरा व्यवसाय होता अकाउंटंटचा. तो करणाऱ्यांनाही फटका बसला, पण परत आल्यावर ते कुठल्या तरी कंपनीच्या हिशेब विभागात तरी बसू शकले.

हे जुनं झालं असं कुणी म्हणेल. पण हेच पुन्हा, याच क्रमाने, कॅनडात घडलं, आणि या वेळी आपल्याकडची मुलं मोठ्या संख्येने त्यात होती.

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवड करण्याच्या पद्धतीत, एक ड्रॉ निघाला. सीमा बंद होत्या, आधीच देशात असलेल्यांनाच पीआर द्यायचं ठरलं होतं, म्हणून कटऑफ चक्क ७५ गुणांवर आणला आणि एका दिवसात २७,३३२ जणांना बोलावणं गेलं. या ड्रॉची गोष्ट महाराष्ट्रात घराघरांत पोचली. कॅनडात गेलं की पीआर मिळतोच, हा समज तिने पक्का केला. महामारीतल्या एका विलक्षण आठवड्यावर पुढच्या तीन वर्षांच्या जाहिराती उभ्या राहिल्या. २०२४ आणि २०२५ मध्ये त्याच गटाचे ड्रॉ पाचशेच्या वर लागत होते. कुणाला वाटेल पंच्याहत्तर आणि पाचशे यांत नुसता आकड्यांचा फरक आहे. ज्याच्या वर्क परमिटचे चार महिने उरले आहेत त्याला विचारा.

त्याच काळात ओंटारिओत एक नवा धंदा फोफावला होता. लांब उत्तरेकडचं सरकारी कॉलेज आपला अभ्यासक्रम टोरोंटोच्या आसपासच्या एखाद्या खासगी संस्थेला वापरायला द्यायचं. विद्यार्थी त्या खासगी संस्थेच्या वर्गात बसायचा, प्रमाणपत्र मात्र सरकारी कॉलेजचं मिळायचं, आणि सरकारी कॉलेजचं म्हणून शिक्षणानंतरचं वर्क परमिटही मिळायचं. इमारतीत ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही, आठवड्यातून तीन दिवस वर्ग. कॉलेजने कॉलेज म्हणून काय द्यावं हे विचारायला कुणीच गेलं नव्हतं, त्यामुळे तक्रारही फारशी झाली नाही. सगळे वर्क परमिट घ्यायला गेले होते.

मग नियम बदलले. २२ जानेवारी २०२४ रोजी मंत्री मार्क मिलर यांनी स्टडी परमिटवर मर्यादा आणली: त्या वर्षी सुमारे ३,६०,००० परवाने, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा ३५ टक्के कमी. त्याच महिन्यापासून खर्चासाठी दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून २०,६३५ डॉलर झाली. १५ मे २०२४ पासून अशा भागीदारीतल्या खासगी कॅम्पसवर शिक्षण सुरू करणाऱ्यांचं वर्क परमिट बंद झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये लवकर निकाल देणारी स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम एका दिवसात थांबवली. त्याच महिन्यापासून वर्क परमिटला भाषेची परीक्षा लागू झाली, आणि पदवीखालच्या, म्हणजे डिप्लोमा-सर्टिफिकेटच्या नव्या विद्यार्थ्यांना विषयांची अट लागली. आरोग्य, शेती, तंत्रज्ञान, बांधकामासारखी कुशल कामं, वाहतूक हे विषय चालतील. सगळ्यांचा आवडता बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा त्यात बसत नव्हता. पीआरचं वार्षिक उद्दिष्ट २०२५ साठी पाच लाखांवरून ३,९५,००० वर आलं. मार्च २०२५ मध्ये जॉब ऑफरचे गुणच काढून टाकले. ते गुण मिळवण्यासाठी काही मुलांनी मालकांना पैसे दिले होते. ते पैसेही बुडाले.

प्रिन्स एडवर्ड आयलंड हा छोटासा प्रांत. तिथे प्रांताच्या नामांकनातून पीआर सोपा, म्हणून दुकानांत आणि हॉटेलांत काम करायला कितीतरी पदवीधर तिथे गेले. २०२४ च्या सुरुवातीला प्रांताने नामांकनं कमी केली आणि विक्री व सेवा क्षेत्रातल्यांना मागे टाकलं. मे महिन्यात शार्लटटाउनमध्ये भारतीय मुलं उपोषणाला बसली. त्यांनी काही बेकायदा केलं नव्हतं. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी तंतोतंत केलं होतं. मला त्या मुलांचा राग येत नाही. त्यांना हे सांगणाऱ्यांचा येतो.

आता या सगळ्यात नियम कुणासाठी बदलले नाहीत, किंवा बदलले तर कोणत्या दिशेने, ते बघा. माझ्या मुद्द्याचा सगळा भार यावर आहे. २०२४ च्या मर्यादेतून मास्टर्स आणि पीएचडी वगळलेले होते. २०२५ मध्ये त्यांनाही मर्यादेत आणलं, पण २०२६ पासून सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्स-पीएचडीला पुन्हा बाहेर काढलं. विषयांची अट पदवी, मास्टर्स, पीएचडी यांना लागू नाही. उलट फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांपेक्षा लहान मास्टर्स केलेल्यांनाही तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू लागलं. ज्या वर्षी डिप्लोमावाल्यांची दारं धडाधड बंद झाली, त्याच वर्षी नीट मास्टर्स केलेल्याचं दार थोडं जास्त उघडलं.

ब्रिटनचंही तसंच. तिथे शिक्षणानंतरचा वर्क व्हिसा २०१२ मध्ये बंद झाला, जुलै २०२१ मध्ये दोन वर्षांचा होऊन परत आला, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे. पीएचडीची तीन वर्षं मात्र तशीच आहेत. जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला पती-पत्नी-मुलं नेता येत नाहीत, संशोधनाच्या पदवीला येतात. नोकरीच्या व्हिसासाठीचा किमान पगार २६,२०० पौंडांवरून एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० झाला, जुलै २०२५ मध्ये ४१,७००. एवढा पगार देणारी कंपनी कोणाला घेते? लंडनच्या उपनगरातल्या कार्यालयी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर भरणाऱ्या 'कॅम्पस'मधून आलेल्याला ती बोलावते का?

तेव्हा "पीआरला सगळी सारखीच" हे वाक्य आज गुणांच्या तक्त्यापुरतं खरं आहे, आणि त्या तक्त्यापर्यंत पोचण्याच्या सगळ्या वाटेवर खोटं आहे. गुण पदवीला मिळतात. पण गुणांच्या आधी नोकरी लागते, नोकरीच्या आधी मुलाखत, मुलाखतीच्या आधी इंटर्नशिप किंवा को-ऑप, आणि या प्रत्येक पायरीवर कॉलेज कोणतं याने फरक पडतो. सरकार नियम घट्ट करतं तेव्हा ते कमकुवत कॉलेजांपासून सुरुवात करतं. मेलबर्नमध्ये तेच झालं, ब्रॅम्प्टनमध्ये तेच झालं. पीआरच्या आशेवर जे कॉलेज निवडलं जातं ते बहुधा याच गटातलं असतं, कारण जिथे शिक्षणाला किंमत आहे तिथे प्रवेश अवघड असतो आणि आपल्याला तो पटकन हवा असतो.

आणखी एक बाजू आहे, जी मला कुठल्याही माहितीपुस्तिकेत दिसली नाही. काही देश आता विद्यापीठाच्या नावावरच व्हिसा देतात. ब्रिटनने मे २०२२ मध्ये हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसा सुरू केला. जगातल्या ठरावीक नामांकित विद्यापीठांतून गेल्या पाच वर्षांत पदवी घेतली असेल तर नोकरीच्या ऑफरशिवाय तिथे जाऊन काम शोधता येतं. नेदरलँड्समध्ये जगातल्या पहिल्या दोनशेंतल्या विद्यापीठाचा पदवीधर तीन वर्षांच्या आत एक वर्षाचा शोधपरवाना घेऊ शकतो. हाँगकाँगने डिसेंबर २०२२ मध्ये तशीच योजना काढली, जपानने एप्रिल २०२३ मध्ये. या क्रमवाऱ्यांवर माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही. चांगलं शिकवणं त्यांत मोजलं जात नाही. पण कायमचं कुठेतरी जायचं आहे अशा माणसाने हे लक्षात घ्यायला हवं की चांगल्या विद्यापीठाची पदवी चार देशांत चालते, आणि कमकुवत कॉलेजचा डिप्लोमा ज्या देशाच्या नियमासाठी घेतला तिथेही तो नियम टिकेपर्यंतच चालतो. ब्रिटन किंवा जपान उद्या या योजना बंद करतील, ते शक्य आहे. पदवी बंद करता येत नाही.

अमेरिकेचं वेगळं आहे, आणि तिथे माझ्या बाजूचाही अतिरेक होऊ नये. भारतात जन्मलेल्याला एमआयटीची पदवीही ग्रीन कार्ड लवकर मिळवून देत नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. २०२५ च्या अखेरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतीयांच्या ईबी-टू आणि ईबी-थ्री रांगा २०१३ मधल्या अर्जांपाशी होत्या. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. म्हणून अमेरिकेला स्थायिक होण्याच्या हिशेबाने जाणाऱ्याला मी हिशेबच बदलायला सांगतो: शिक्षण, त्यानंतर तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी तीन वर्षांची ओपीटी, म्हणजे कामाची परवानगी, त्यात कर्ज फेडणं, अनुभव घेणं. त्यापुढचं गृहीत धरू नका. आणि इतकं अनिश्चित असतानाही विद्यार्थी तिथे विद्यापीठ बघूनच जातात. कारण तिथे पीआरचं गाजर नाही, म्हणून काय शिकतो याकडे लक्ष जातं.

जर्मनी हल्ली पुण्यात फार चालतं, मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गांना गर्दी असते. तिथे सरकारी विद्यापीठात शिकून नोकरीला लागलेल्याला दोन वर्षांत कायमचा परवाना मिळू शकतो, ही खरोखर चांगली वाट आहे. पण तिला बी-वन पातळीची भाषा लागते आणि शिक्षणाशी जुळणारी नोकरी लागते. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी जलद सोय जून २०२४ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेने रद्द केली. त्या सोयीवर हिशेब बांधून जो गेला त्याचा पहिला कोर्सही संपला नसेल.

आता पैशांकडे येऊ, कारण शेवटी समोरच्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा तोच आहे: एवढं कर्ज, मग पीआर नको तर काय? माझं उत्तर असं की कर्ज एवढं आहे म्हणूनच पीआरवर विसंबू नका. चाळीस लाखांचं कर्ज, अकरा टक्के व्याज, पंधरा वर्षं मुदत धरली तर हप्ता महिना साधारण साडेपंचेचाळीस हजार येतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं, त्यामुळे प्रत्यक्षात तो याहून जास्त असतो. पुण्यात सुरुवातीला पन्नास-साठ हजार हातात येणारी नोकरी मिळाली तर तिच्यातून एवढा हप्ता जात नाही. मग वडिलांच्या पेन्शनमधून जातो, किंवा तारण ठेवलेला फ्लॅट विकला जातो. कर्जाचा निर्णय एका प्रश्नावर घ्यायला हवा: मुलगा तीन वर्षांनी परत आला, तर ही पदवी दाखवून मिळणाऱ्या नोकरीतून हप्ता फिटेल का? फिटत नसेल तर ते शिक्षण राहत नाही, दुसऱ्या देशाच्या मंत्र्यावर लावलेला सट्टा होतो, आणि तो मंत्री आपल्याला मतं मागायला येत नाही. आपल्या मुलाचं नुकसान झालं म्हणून तिथे कुणाची खुर्ची जात नाही.

या प्रश्नावर घासून पाहिलं की निवड आपोआप बदलते. बीडीएस झालेली मुलगी पीआरसाठी हेल्थकेअर मॅनेजमेंटचा डिप्लोमा घेते, असं दृश्य आता सर्रास आहे. कॅनडात दंतवैद्य व्हायला समकक्षतेची परीक्षा द्यावी लागते, ती अवघड आहे, महागही आहे. पण तीच देण्यासाठी पैसा आणि दोन वर्षं लावली तर शेवटी तिच्या हातात तिचा स्वतःचा व्यवसाय असतो. डिप्लोमाची वाट पकडली तर पाच वर्षं गेल्यावर ती ना डॉक्टर, ना मॅनेजर, आणि पीआर आला तरी स्वतःच्या शिक्षणापासून कायमची तुटलेली.

सल्ला फुकट का मिळतो, हेही कधीतरी विचारा. कन्सल्टन्सीला पैसे कॉलेज देतं, बहुधा पहिल्या वर्षाच्या फीमधला हिस्सा. ज्याला विद्यार्थी हवेत ते कॉलेज कमिशन जास्त देतं, आणि विद्यार्थी कुणाला हवे असतात तर ज्याच्याकडे ते आपणहून येत नाहीत त्याला. चांगले काउन्सेलर आहेत, मी त्यांच्याशी बोललो आहे, त्यांनाही ही गोष्ट खटकते. पण धंद्याची रचनाच अशी आहे की कमकुवत कॉलेजकडे ढकलण्यात पैसा आहे, आणि ढकलताना पीआरइतका सोपा शब्द दुसरा नाही. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायला परवाना लागतो. तोंडी सांगितलेला पीआर पावतीवर कुणी लिहून देत नाही.

आणि या वाटेवर मुलांच्या हातून काय लिहून घेतलं जातं? स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये मी शिकून परत येईन आणि वडिलांच्या व्यवसायात मदत करीन असं कुणीतरी तयार केलेलं पान, सही विद्यार्थ्याची. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी परत जाण्याचा हेतू दाखवावा लागतो. कॅनडाचा कायदा तर प्रामाणिक आहे: पुढे कायम राहण्याची इच्छा असणं हा गुन्हा नाही असं त्यातच म्हटलं आहे, फक्त मुदत संपल्यावर देश सोडीन याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे खरं सांगायला जागा आहे, तरी खोटं लिहायला शिकवलं जातं. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडात पाच वर्षं बंदी येते. ती काउन्सेलरवर येत नाही, बावीस वर्षांच्या मुलावर येते.

राहिला डोळ्यांसमोरचा पुरावा, म्हणजे ज्यांचं जमलं ते. त्यांचं यश खरं आहे, कष्टाचं आहे. पण ते २०१५ ते २०२१ च्या नियमांनी गेले होते. लग्नाच्या हॉलमध्ये आपल्याला ब्रॅम्प्टनचे काका भेटतात. वर्क परमिट संपून परत आलेला मुलगा त्या लग्नाला येतच नाही, आणि त्याच्या घरचेही त्याच्याविषयी फार बोलत नाहीत. आपल्याला अर्धाच पुरावा दिसतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी काय शिकायचं ते, मग ते चांगलं शिकवणारी विद्यापीठं, त्यातली कर्जाच्या प्रश्नावर टिकणारी, आणि मग त्यांच्यातून राहू देणारा देश. देश शेवटी निवडला म्हणजे पीआर सोडला असं होत नाही. शेवटच्या यादीत कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया सगळे येतात, फक्त त्यातली तकलादू कॉलेजं गळून जातात. ऑफर लेटर आलं की डिपॉझिट भरण्याआधी वर्ग कोणत्या इमारतीत भरतात, पदवी कोण देतं, विषय कोण शिकवतं, मागच्या तुकडीतले कुठे काम करतात हे विचारा, आणि उत्तर कन्सल्टन्सीकडून घेऊ नका, तिथे शिकणाऱ्या मुलाकडून घ्या.

यावर आईवडिलांचं एक उत्तर मला हमखास मिळतं: या इनटेकला चांगलं विद्यापीठ मिळालं नाही तर थांबायचं कसं, नियम आणखी कडक झाले तर? ही घाईच सगळ्यात जास्त विकली जाते. वर्षभर थांबून इथे नोकरी केली, भाषेची परीक्षा पुन्हा दिली, अर्ज नीट केला, तर पुढच्या वर्षी मिळणारं विद्यापीठ वेगळं असतं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत इथल्या कामाच्या अनुभवालाही गुण आहेत. आणि वयाचे पूर्ण गुण २० ते २९ या वयोगटाला मिळतात. बाविसाव्या वर्षी एक वर्ष थांबणाऱ्या मुलाचा त्यात एकही गुण कमी होत नाही.